आंबील, ताक आणि अंगातली प्रतिकारशक्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. गिरणीत पाळ्या करता करता जे वाचलं, जाणत्यांना विचारलं, तेवढंच आपल्यापुढे ठेवतो. २०२० साली कोरोना आला आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी, बाटल्या दारोदार विकायला येऊ लागल्या. हातावर पोट असणाऱ्यांनीही उसनवार करून त्या घेतल्या. म्हणून हा विषय.

आपल्या आज्या ज्वारीचं नाहीतर नाचणीचं पीठ रात्री भिजवून ठेवायच्या. सकाळी ते आंबलं की शिजवायचं, निवलं की ताक, मीठ, लसूण घालून प्यायचं. पुण्यात आलो, चार पैसे दिसले, आणि आंबील गरिबाची म्हणून आम्हाला तिची लाज वाटू लागली. तिच्या जागी खारी-बिस्किटं आली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली आहे, ती वाचावी. असली लाज जाते.

पीठ आंबतं तेव्हा जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. पिठातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. आपल्या वस्तीत बायाबापड्यांच्या अंगात रक्त कमी, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. जेवणावर लगेच कडक चहा घेऊ नये, तो लोह अडवतो.

दुसरी गोष्ट तुरट चवीची. जांभूळ, आवळा, करवंद, शेंगदाण्याचं लाल साल, नाचणी, यांत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. त्यांचा बराच भाग मोठ्या आतड्यापर्यंत तसाच जातो आणि तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात. भाकरी-भाजीतल्या चोथ्यापासून ते ब्युटिरेट बनवतात, ते आतड्याच्या अस्तराचं खाद्य. शरीराच्या पहारेकरी पेशींचा मोठा भाग या आतड्याच्या भोवतीच असतो. पहारेकरी कायम चिडलेले राहिले की अंगात बारीक दाह धुमसत राहतो. मधुमेह, हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३६ धडधाकट माणसं, दोन गट, १० आठवडे. दही वगैरे आंबवलेलं खाणाऱ्या गटात आतड्यातल्या जिवाणूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातली दाहाची १९ प्रथिनं घटली. नुसता चोथा वाढवलेल्या गटात तसं सरसकट दिसलं नाही. माणसं ३६च, आणि कुणाचा आजार बरा झाला असं त्यांनी म्हटलेलं नाही. पुण्यातही विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या संस्थेत भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम झालं आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूंना मान्य केलेल्या औषधांत आवळा, हिरडा, बेहडा आहे. पोटातल्या वातावर लोणसोवीरक नावाची खारट-आंबट कांजी आहे. दूध-दह्याबरोबर ‘तक्क’ आहे, म्हणजे आपलं ताकच. तेव्हाच सगळं विज्ञान ठाऊक होतं असं आम्ही म्हणणार नाही. गुण येतो म्हणून दिलं, एवढं खरं.

आता खबरदारी. उकळलं की जिवाणू मरतात, म्हणून ताक आंबील निवल्यावर घालावं. लोणचंही आंबट, पण त्यात मीठ फार, बीपीवाल्यांनी जपून. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि टीबीची, शुगरची गोळी ताकापायी बंद केली असं आमच्या कानावर आलं, तर आम्ही घरी येऊन भांडू.

आज भोजनदानात खिरीबरोबर महिला मंडळाने नाचणीची आंबील केली आहे. ज्यांना दूध-ताक सोसत नाही त्यांच्यासाठी बिनताकाची डाव्या हाताच्या पातेल्यात आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.