पंप की गोळी?

दम्याच्या रुग्णाला ‘पंप’ सुचवला की घरचे दचकतात. ‘सवय लागेल, गोळीच द्या.’ हिशेब मात्र उलटा आहे. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असते; गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे निदान वीसपट. शिवाय फवारा थेट श्वासनलिकांत उतरतो, गोळी रक्तातून अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते.

हे औषध ॲड्रिनॅलिनचेच भावंड. श्वासनलिकांच्या स्नायूंवरील बीटा-2 ग्राहकांना ते चेतवते. स्नायू सैलावतात, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू वाढले, तेव्हा आयसोप्रिनॅलिनच्या तीव्र फवाऱ्यांकडे बोट दाखवले गेले. ते औषध हृदयाच्या बीटा-1 ग्राहकांनाही चेतवी. 1969 साली आलेले सालब्युटामॉल त्या मानाने निवडक.

पण त्याने नलिकांची सूज उतरत नाही. आराम पडतो, सूज आत वाढत राहते. म्हणूनच 2019 पासून दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शिका प्रौढांना नुसत्या सालब्युटामॉलवर भागवू नका, असे सांगते. सोबत श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड हवे. (स्टिरॉइड म्हटले की पुन्हा दचकणे आलेच!) 200 फवाऱ्यांचा पंप महिन्याभरातच संपत असेल, तर नवा आणालच, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही ते सांगा.