दुसरा रिमोट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, एआयवर बोल." मी हो म्हटलं, चार स्लाइडही केल्या. पण मग महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर कोणीतरी एका जुन्या गेमचा फोटो टाकला. चार चेहरे, खाली नावं, आणि वर "इन्सर्ट कॉइन". बस. एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांपलीकडे न जाणारे लोक रात्री दीडपर्यंत जागे होते. मुस्तफा! कोण एका रुपयात कुठपर्यंत जायचं, कोण शाळेचा डबा खायच्या सुट्टीत पळायचं, कोणाच्या वडिलांनी कोणाला कान धरून बाहेर काढलं. सर, या माहितीचा आता काही उपयोग नाही, पण तुमच्या संशयितांची यादी बरोबर होती.

सकाळी मी ते सगळे मेसेज वाचले आणि माझ्या लक्षात आलं की त्यात एकाही मुलीचा मेसेज नाही. आपल्या वर्गात आम्ही जवळजवळ निम्म्या होतो. म्हणून एआय राहू दे, मी आज गेमवर बोलणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या गेमचं नाव मुस्तफा नाहीच. त्याचं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, एका अमेरिकन कॉमिकवरून. त्यातल्या चार जणांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो. टोपीवाला, चपळ, पळत येऊन लाथ मारणारा. आपल्याकडे सगळ्यांना तोच हवा असायचा, म्हणून अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं. कंपनीला हे माहीत असेल का कोण जाणे. हा गेम घरच्या मशीनवर कधी आलाच नाही, फक्त पार्लरमध्ये. म्हणजे पार्लरच्या दारातून आत जाता आलं तरच मुस्तफा.

आणि त्या दारातून आम्ही जात नव्हतो. कोणी पाटी लावली नव्हती, "मुलींना प्रवेश नाही" म्हणून. पण एसटी स्टँडपलीकडच्या त्या पडदा लावलेल्या गाळ्यात मुलगी शिरली असती तर संध्याकाळपर्यंत लाइन आळीपासून वडाळे तलावापर्यंत बातमी गेली असती. मी बाहेर उभी राहायचे. दादा माझ्यापेक्षा एक वर्षाने पुढे. तो आत जायचा आणि त्याचं दप्तर माझ्याकडे असायचं. मुस्तफाची माझी आठवण म्हणजे दोन दप्तरांचं वजन आणि पडद्याआडून येणारा आवाज. ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा तीन मैत्रिणींनी लगेच हात वर केला. त्यांच्याकडेही दप्तरं होती.

या गेममध्ये चार पात्रं आहेत आणि मशीनवर एका वेळी तिघेच खेळू शकतात. चौघांत हॅना नावाची एक मुलगी आहे. दादाला मी परवा विचारलं, हॅनाला कोण घ्यायचं? तो म्हणाला, "उशिरा येणारा."

आता माझ्या नशिबाची गोष्ट. १९९४ च्या गणपतीत बाबांनी दादाला पार्लरमध्ये पकडलं. पुढचं सांगत नाही, तो मागे बसलाय. पण बाबा नुसते मारून थांबणारे नव्हते, विचार करणारे होते. त्या दिवाळीला बोनस झाला तेव्हा त्यांनी घरी टीव्ही गेमचा खोका आणला. पोरगा गेम खेळणारच असेल तर निदान डोळ्यांसमोर खेळू दे, असा त्यांचा हिशेब. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर अमुक लाख गेम असं लिहिलेलं आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिली कॉम्प्युटरची ती नक्कल होती, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. तेव्हा तो फक्त 'गेम' होता.

आणलेला होता दादासाठी. पण रिमोट दोन होते. दुसरा कोणीतरी धरायलाच हवा, म्हणून मी.

परवा या भाषणाबद्दल माझ्या बाकावरच्या मैत्रिणीशी बोलत होते. ती सहज म्हणाली, "आम्ही तिघी बहिणी. आमच्याकडे भाऊ नव्हता, म्हणून गेमही नव्हता." मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. गणितात ती माझ्या पुढे होती, बाईंना आठवत असेल. मी आज जे काम करते ते मला जमेल असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या खोक्यासमोर. आणि तो खोका आमच्या घरात आला तो एका मुलाने केलेल्या खोडीमुळे.

आमच्या घरी वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगितली जाते. दादा गेमपायी वाया गेला, ही अभ्यास करत बसायची म्हणून इंजिनीअर झाली. पाहुण्यांपुढे ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आणि कधीच खोडली नाही, कारण ती माझ्या सोयीची होती. आज तुमच्यासमोर खोडते. आम्ही एकाच खोलीत तोच गेम खेळलो. दादाचं दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्याला बंदी झाली आणि मी आवाज बंद करून खेळत राहिले. खेळण्याचे तास मोजले तर माझे जास्त भरतील. दादाला गणित अडलं त्याला कारण गणितच होतं.

एक गुपित तर मी त्यालाही सांगितलं नव्हतं. बदकांचा गेम आठवतो ना? बंदुकीने नेम धरायचा, चुकला की कुत्रा हसतो. तो गेम एकट्याचा. दादा बंदूक घेऊन बसायचा आणि मी शेजारी. एकदा कंटाळून मी रिमोटची बटणं उगाच दाबत होते, तर बदक माझ्या अंगठ्याबरोबर वळलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वळलं. एकच बदक येतं त्या प्रकारात दुसऱ्याला रिमोटने बदक उडवता येतं, बनवणाऱ्यांनी तशी सोयच ठेवली होती. मी आठ दिवस काही बोलले नाही. फ्रॉकच्या घेराखाली रिमोट धरून बदक उडवत राहिले आणि दादा बंदुकीला शिव्या देत राहिला. कुत्रा त्याला इतका कधी हसला नसेल.

दुसरं गुपित पहिल्या रांगेतल्या बाईंसाठी आहे. नववीत माझ्या भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला 'वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे' असं लिहिलेलं सापडलं होतं. तुम्ही विचारलंत, "लेझीमचे हात आहेत का गं?" मी हो म्हटलं आणि तुम्ही मला पंधरा ऑगस्टच्या लेझीममध्ये घेतलंत. बाई, ते कॉन्ट्रा गेममधले तीस जीव मिळवायचे हात होते. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी १९८६ मध्ये 'ग्रेडियस' नावाचा गेम तयार करताना हा क्रम आत घातला, कारण तपासताना तो गेम त्यांना स्वतःलाच जमेना. मग तो कंपनीच्या इतर गेममध्येही आला. माझ्या मते कोणत्याही प्रोग्रामरने केलेलं हे सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

थोडं आतलं सांगते, राहवत नाही. मारिओचा पहिला गेम, १९८५ चा, अख्खा चाळीस किलोबाइटमध्ये बसतो. काल ग्रुपवर आलेला मेनूकार्डाचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा होता. जागा वाचवायला त्यांनी ढगाचंच चित्र हिरवं करून झुडूप म्हणून वापरलं. घरी जाऊन बघा, आकार तोच आहे. कॅसेट लागली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो, त्याचा मात्र काही फायदा नव्हता. काढून परत नीट बसवली की पिना जुळायच्या, एवढंच. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट त्या गंजायच्या. आमच्याकडे तर फुंकरीवरून भांडणं व्हायची, कोणाची जास्त गुणकारी म्हणून.

आता माझ्या मुलाकडे येते. तो सतरा वर्षांचा आहे, यंदा बारावीला. गेल्या दिवाळीत बाबांच्या घरचा माळा आवरताना तो खोका सापडला. २६ जुलै २००५ ला गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं किती सामान गेलं. पण बाबांनी गॅसचं पुस्तक, आमची सर्टिफिकेटं आणि हा खोका माळ्यावर टाकला होता. मी विचारलं, हा का? म्हणाले, "महागाचा होता."

घरच्या मोठ्या एलईडी टीव्हीला आम्ही कशीबशी वायर जोडली. मारिओ चालला. बदकं उडाली, पण बंदूक काही लागेना. एकही नाही. मुलगा म्हणाला, बिघडली. ती बिघडलेली नव्हती. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जातं, पण खरं उलट आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड पाहतो. काळं आधी का? कोणी बल्बवर नेम धरून फसवू नये म्हणून. दादाने धरून पाहिला होता. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे ठरल्या वेळी घडायचं. नवा टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर लावतो. डोळ्याला कळत नाही, पण बंदुकीला कळतं, ती वाट पाहून गप्प बसते. गेम शाबूत होता. गेला होता तो टीव्ही.

मुलगा म्हणाला, "निदान तुझा खोका तरी आहे." त्याला २०१८-१९ मधला पबजी आठवतो. हसू नका, मीही हसले होते. सतराव्या वर्षी कसल्या जुन्या आठवणी! पण तो सांगत गेला. इमारतीतले चौघं रोज रात्री त्या नकाशावर एका ठरलेल्या घराच्या गच्चीवर उतरायचे. लॉकडाऊनमध्ये खाली जायची बंदी होती तेव्हा तीच त्यांची भेटायची जागा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली. दहा महिन्यांनी तो दुसऱ्या नावाने परत आला, पण एकजण तोवर पुण्याला गेला होता, एकाचा फोन काढून घेतला होता. चौघं परत जमले नाहीत. माळ्यावर ठेवायला त्याच्याकडे काही नाही. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा मोटारींचा गेम २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हरसकट बंद केला, तेव्हा पैसे देऊन घेतलेल्यांच्या हातातही काही उरलं नाही. मी याच धंद्यातली आहे. आम्हीही सर्व्हर बंद करतो, तारीख टाकून एक मेल पाठवतो. त्या मेलच्या पलीकडे कोणाची गच्ची असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मधल्या वयाच्यांना, म्हणजे आपल्या धाकट्या भावंडांना, सायबर कॅफेतला काउंटर स्ट्राइक आठवतो, तासाचे पैसे आणि शेजारच्याच्या खुर्चीतून येणारी खरी शिवी. बाबांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला कसले गेम. पण आजही दुपारी ते कॉम्प्युटरवर पत्ते लावतात आणि मी आत गेले की खिडकी बारीक करतात.

बोलणं लांबलं. आता एक सूचना. दादाने दहावी ऑक्टोबरमध्ये सोडवली, आयटीआय केलं आणि आज तो टीव्ही दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात एक चौदा इंची काचेचा टीव्ही अजून चालू आहे. तो आज इथे आणलाय, जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात ठेवलाय, शेजारी बाबांचा खोका. मघाशी लावून पाहिला, बंदूक लागते. मुस्तफा त्यात नाही, त्याबद्दल क्षमस्व.

जेवणानंतर पहिला नंबर मुलींचा. रिमोट, बंदूक, सगळं. मुलांनी आमच्या पर्सेस धरून दाराबाहेर उभं राहायचं, आवाज ऐकू येईल. आणि बाई, तुम्ही या, लेझीमचे हात दाखवते.