रिद्धपूरचे म्हाइंभट आणि त्यांची हरवलेली पोथी
(व्याख्यानाचा पाठ)



अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना दोन कारणांनी परिचित आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक प्रसिद्ध ताम्रपट येथलाच. ताम्रपटावर राजकुळाची वंशावळ असते, दानाचा तपशील असतो. परंतु गावातील माणसे काय बोलत, काय खात, कशावरून भांडत, याची नोंद ताम्रपट ठेवीत नाही. ती नोंद ज्यांनी ठेवली, ते म्हाइंभट हे दुसरे कारण होय.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. घरी संपन्नता, शास्त्रांत गती आणि वादात हार ठाऊक नाही. आपल्या तोलाचा विद्वान शोधूनही सापडत नाही, हे जगाला कळावे म्हणून ते दिवसा दिवटी पेटवीत, असे परंपरा सांगते. असा हा पंडित श्रीचक्रधरस्वामींशी वाद घालण्यास गेला आणि त्यांचाच होऊन परतला. पुढे शके ११९६च्या (इ. स. १२७४) सुमारास स्वामी उत्तरापंथे निघून गेले. मागे राहिलेला परिवार नागदेवाचार्यांसह रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहू लागला.

येथेच ग्रंथाचे बीज पडले. स्वामींच्या एकेका लीळेचे स्मरण करीत नागदेवाचार्य दिवस कंठीत होते. जे यांच्या स्मरणात आहे ते यांच्यामागे कसे उरणार, ही चिंता म्हाइंभटांना लागली. वाजेश्वरीच्या एकांतात ते आचार्यांच्या तोंडून ऐकत आणि लिहून घेत. मात्र तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. जी घटना ज्याच्यासमक्ष घडली त्याच्याकडेच जाऊन विचारायचे, हा त्यांचा दंडक. आणलेली हकीकत आचार्यांना दाखवायची. त्यांनी मान्य केली तरच ती ग्रंथात जायची. प्रत्यक्ष साक्षीदार शोधावा, त्याचे कथन पडताळावे, ही पद्धत आज इतिहासाच्या वर्गात शिकवली जाते. शके १२००च्या सुमारास वऱ्हाडातील एका गावात ती आचरणात होती.

‘लीळाचरित्र’ हे मराठीतील आद्य गद्य चरित्र मानले जाते. त्यानंतर, गोविंदप्रभूंच्या निर्याणानंतर, म्हाइंभटांनीच त्यांचे चरित्र सिद्ध केले. त्यात तीनशेहून अधिक लीळा आहेत आणि खऱ्या अर्थाने ते रिद्धपूरचे चरित्र आहे. गावातील देवळे, विहिरी, आळ्या, बाजार, सणवार यांतून प्रभू बालकासारखे हिंडतात, हट्ट करतात, रुसतात. त्यांना कोणाचेही घर वर्ज्य नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांचेही नाही. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात शास्त्री घराण्यात वाढलेल्या लेखकाने ही वर्तणूक लपविली नाही, सारवासारव केली नाही. हा प्रामाणिकपणा त्यांच्या विद्वत्तेहून मोठा म्हटला पाहिजे. भाषाही मुद्दाम बोलीची ठेवली. संस्कृत त्यांना येत नव्हते असे थोडेच आहे! पण ज्या बायाबापड्यांसाठी स्वामी मराठीत बोलले, त्यांना नागवे करणे नागदेवाचार्यांना मान्य नव्हते.

आणि मग ही पोथी हरवली. यादवसत्तेच्या अस्तकाळच्या धामधुमीत, खालशाच्या धाडीत, परिवाराची पांगापांग झाली आणि मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. एखाद्या समाजाने अशा वेळी काय करावे? या समाजाने आठवायला सुरुवात केली. ज्याला जे मुखोद्गत होते ते त्याने सांगितले आणि पुन्हा पोथ्या उभ्या राहिल्या. साहजिकच त्या एकमेकींशी सर्वत्र जुळेनात. मग आपलाच पाठ खरा म्हणून दुसऱ्याचा खोडून टाकण्याचा मोह किती सहज झाला असता! तो टाळला गेला. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी ज्याची स्मृती त्याच्या नावावर राहिली आणि जेथे मतभेद तेथे ‘शोधु’, ‘वासना’ म्हणून निराळी नोंद झाली. हिराइसा ही एक स्त्री. तिच्या स्मरणशक्तीवर एका महाग्रंथाचा पाठ उभा आहे.

पुढे चौदाव्या शतकात सकळ लिपी आली, तिच्यामागून सुंदरीसारख्या आणखी सांकेतिक लिपी आल्या. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्या जगाला ते दिसेनासे झाले. मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले जात होते आणि त्यांत या गद्याला स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाचा परिचय करून दिला. नंतरचे कष्ट मात्र बहुतांशी वैदर्भीयांचे. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५चा. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र प्रथम छापून काढले. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी १९४४मध्ये गोविंदप्रभूंचे चरित्र संपादिले. संपूर्ण लीळाचरित्राचे त्यांचे संपादन १९७८मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. अमेरिकेतील विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र इंग्रजीत नेले, ते १९८४मध्ये. रिद्धपूरच्या आळ्या अशा सातासमुद्रापार वाचल्या गेल्या.

२०२४मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य रिद्धपुरातच सुरू झाले. त्याच्या इमारतींविषयी पुष्कळ बोलले जाते. पोथ्यांविषयी त्या मानाने कमी. विदर्भ-मराठवाड्यातील, आणि थेट पंजाबपर्यंतच्या मठांतून, रुमालात बांधलेली हस्तलिखिते आहेत. त्यांची एकत्र सूची हवी, छायाप्रती हव्यात, आणि त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे सकळ लिपी सराईतपणे वाचणारी तरुण माणसे हवीत. ती वाचणारे महंत वृद्ध होत आहेत. म्हाइंभटांना नागदेवाचार्यांकडे पाहून जी चिंता लागली होती, ती आज त्याच गावात पुन्हा उभी आहे.