एका बोल्टाची घडण



उभे पीक ऐन पाण्यावर आलेले असावे आणि नेमक्या त्याच दिवशी विहिरीवरच्या जुन्या तेल-इंजिनाचा एक बोल्ट तुटावा, ही शेतकऱ्याच्या घरची काही नवलाची गोष्ट नव्हे. तुटलेला तुकडा रुमालात बांधून तो बाजारात जातो. दुकानदार तुकडा पाहतो, "चार सुती" म्हणतो आणि फळीवरचा एक चकचकीत बोल्ट काढून देतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच. शेतकरी समाधानाने परततो, बोल्ट लावू लागतो, दोन-तीन फेरे सुरळीत जातात आणि पुढे तो हटून बसतो. जोर करावा तर आतले आटे चिरडतात. दुसऱ्या दुकानातला बोल्ट आणावा तर तो बसतो खरा, पण हातात डुलतो. आणि थोड्या फेऱ्यांनी तोही अडतो. शेवटी पाय वळतात ते लोहारकामाच्या किंवा लेथच्या एखाद्या लहानशा कारखान्याकडे, तेथल्या मिस्त्रीकडे.

पहिल्या दुकानदाराची लबाडी नव्हती, दुसऱ्याचीही नव्हती. अर्ध्या इंचाच्या इंग्रजी, म्हणजे व्हिटवर्थ पद्धतीच्या बोल्टावर दर इंचास १२ आटे असतात. त्याच जाडीच्या अमेरिकी पद्धतीच्या बोल्टावर १३. गंमत अशी की पाव इंच, तीन अष्टमांश, पाऊण इंच या मापांत दोन्ही पद्धतींची संख्या सारखीच आहे. अर्ध्या इंचाशी आले की फरक पडतो. आणि जो बोल्ट डुलत होता, तो १२ मिलिमीटरचा मेट्रिक. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा तो बारीक पडणारच. वर त्याच्या दोन आट्यांमधले अंतर, ज्याला कारखान्यात पिच म्हणतात, तेही निराळे. जुन्या बनावटीची पुष्कळ इंजिने व्हिटवर्थ आट्यांची आहेत. मिस्त्री म्हणूनच आधी जाडी पाहत नाही. तो तुकड्यावर पट्टी ठेवून एका इंचात आटे किती ते मोजतो.

आटा म्हणजे तरी काय? एक काटकोनी कागदाचा त्रिकोण कापावा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर जी वेटोळी रेषा काढील तेच मळसूत्र. घाटातली गाडीवाट डोंगराला वळसे घेत चढते, तशी ही लोखंडाभोवती चढणारी वाट होय. अर्ध्या इंचाचा नट एक फेरा फिरला म्हणजे एक बारांश इंच पुढे सरकतो. दहा इंच लांबीच्या पान्याचे टोक तेवढ्या अवधीत जवळजवळ त्रेसष्ट इंच फिरलेले असते. गणिताने पाहिले तर हाताचा जोर साडेसातशे पट व्हावा! प्रत्यक्षात त्यातला सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो. हा अपव्यय वाटतो खरा. परंतु घट्ट केलेला नट आपणहून उलटा फिरत नाही तो याच घर्षणामुळे.

आता मिस्त्रीच्या भट्टीकडे वळू. अर्ध्या इंचाची सळई भात्याच्या वाऱ्यावर तापते, पण सगळी नाही; ज्या टोकाचे डोके व्हायचे तेवढेच टोक पिवळे-पांढरे होऊ द्यायचे. डोक्यासाठी सळईच्या जाडीच्या तिपटीहून थोडी अधिक लांबी लागते. एवढी लांबी उभी ठोकताना ती वाकू पाहते. नवशिका तिथेच चुकतो. वाकलेले तसेच ठोकत गेला की डोके एका अंगाला कलते. जाणता कारागीर दोन घाव उभे घालतो, सळई ऐरणीवर आडवी करून सरळ करतो, पुन्हा उभी धरतो. फुगलेले टोक मग भोकाच्या जाड पोलादी पाटीत उतरवून वरून हातोड्याने बसवायचे. पुढे सहा बाजू पाडणे आले. जुन्या हातघडणीच्या बोल्टांना बहुधा चौकोनी डोकी दिसतात, कारण ऐरणीवर चार बाजू पाडणे सोपे. सहा बाजू सारख्या येण्यास नजर तयार लागते, आणि उरलेले काम कानशीने करावे लागते.

बोल्ट आपोआप निवू द्यायचा, पाण्यात बुडवायचा नाही. मग तो शेगड्यात उभा पकडून त्याच्या टोकाला कानशीने थोडा उतार द्यायचा. या उतारावर डाय बसते. डाय म्हणजे आतून आटे असलेली कडक पोलादाची चकती, दोन्ही हातांनी फिरवता येईल अशा दांडीत बसवलेली. तेल सोडायचे, डाय सळईला बरोबर काटकोनात ठेवायची आणि दाबून फिरवायची. सगळी परीक्षा पहिल्या दोन फेऱ्यांत आहे. तेथे डाय केसभर कलली तर आटे "दारू प्यालेले" निघतात, असे कारखान्यातले लोक म्हणतात, आणि नाव चपखल आहे. पुढची चाल ठरलेली: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवण्याने कापलेला कीस तुटून पडतो. न तुटल्यास तोच कीस नव्या आट्याला ओरबाडतो. घाईच्या माणसाला ही मागची चाल वाया गेल्यासारखी वाटते.

नटाचे काम अधिक जोखमीचे. चपट्या पट्टीला भोक पाडावे लागते ते अर्ध्या इंचाचे नव्हे, सुमारे साडेदहा मिलिमीटरचे. आटा कापण्यास अंगात लोखंड शिल्लक हवे. त्यात एकामागून एक तीन टॅप उतरवायचे: पहिला निमुळता, दुसरा कमी निमुळता, तिसरा टोकापर्यंत भरदार. टॅप कडक, आणि म्हणूनच ठिसूळ. तो भोकात मोडला तर गिरमिटाचे पाते त्यावर चालत नाही, आणि घडवलेला नट बहुधा भंगारात जातो. इंजिनाच्या अंगातच जर हे घडले तर मिस्त्रीच्या कपाळावर जो घाम येतो तो भट्टीचा नसतो.

एके काळी सर्व जगात असाच एक एक बोल्ट आणि त्याचा एक एक नट घडत असे, आणि दर कारखान्याचे आटे निराळे. यंत्र उघडताना कोणता नट कोणत्या बोल्टाचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. जोडी चुकली की काम अडले. लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास आटे कापणारा भक्कम लेथ उभा केला. पण लेथवर आटा कापायचा तर लेथला आधी एक निर्दोष मळसूत्र हवे. ते कोठून आणायचे? मॉड्स्लेने गोल फिरणाऱ्या मऊ दांड्यावर तिरप्या धारेचे पाते टेकवले. पाते दांड्यात रुतून आपली वाट आपणच कोरीत पुढे गेले. अशा मूळ मळसूत्रातले दोष शोधून काढीत त्याने पुढे पाच फूट लांबीचे, दर इंचास ५० आट्यांचे मळसूत्र तयार केले. त्याचा नट एक फूट लांबीचा होता, आणि त्या एका नटात ६०० आटे होते.

त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. हे माप त्याने स्वतःच्या डोक्यातून काढले नाही. नामांकित कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, आणि त्यांचा मध्य धरला. आट्याचा कोन आला ५५ अंश. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. व्हिटवर्थचा गोलवा अचूक साधायला कुशल हात लागतात, साधा कारागीर साठ अंश सहज करील आणि सहज तपासील, असे त्याचे म्हणणे होते. समभुज त्रिकोण कोणत्याही शाळकरी मुलाला काढता येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सेलर्सचीच बाजू बळकट वाटते.

दोन मापांच्या या भांडणाची किंमत कधी कधी जबर पडली. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळकोंडाळ्यांना बसेनात. माणसे हजर, पाणी हजर, आणि मध्ये आट्यांचा फरक! दीड हजारांवर इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी व अमेरिकी यंत्रांच्या दुरुस्तीत तीच अडचण आली, तेव्हा कोठे १९४८ साली इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिका यांनी ६० अंशांच्या एका आट्यावर सह्या केल्या. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा. मेट्रिक आटाही साठ अंशांचाच आहे. तरी सूत अद्याप बाजारातून गेलेले नाही.

सगळेच वेगळेपण मात्र अनर्थाचे नसते. सायकलच्या डाव्या पायंडलाचे आटे मुद्दाम उलटे असतात, नाहीतर ते चालता चालता सैल होईल. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन वायूच्या जोडणीचे आटेही उलटे, ऑक्सिजनचे सुलटे; चुकून एकाच्या जागी दुसरे लागू नये म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगरांपासून यंत्रांपर्यंत वाढलेल्या त्या उद्योगाची सुरुवात अशा सुलट्या-उलट्या आट्यांच्या संगतीत झाली. बेळगावच्या उद्यमबागेत आज आटे पाडणारी यंत्रे अहोरात्र चालतात. पण शेतकऱ्याचा तो एकच जुना बोल्ट मोठ्या यंत्रावर कोणी चढवीत नाही. एका नगासाठी यंत्र जुळवणे परवडत नाही. तो हातानेच होतो.

मिस्त्री नवा नट नव्या बोल्टावर बोटांनीच चढवतो. पाना लागला तर आटा जाड, आपोआप घसरला तर सैल. शेवटपर्यंत बोटांनी गेला, आणि डुलला नाही, म्हणजे बरा. मग तो पंच घेऊन बोल्टाच्या डोक्यावर एक ठिपका उमटवतो आणि नटावरही एक, आणि दोन्ही शेतकऱ्याच्या रुमालात बांधून देतो.