लेकीच्या फीसाठी कर्ज द्यायचं का?

आम्ही विठ्ठलवाडीच्या बचत गटातल्या बायका. मागच्या बैठकीत आमच्यात चांगलीच जुंपली. एका ताईंनी लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी कर्ज मागितलं. काही जणी म्हणाल्या, "शिलाई मशीन घ्या, पैसा फिरेल. फीचा पैसा परत कसा येणार?" विषय पुढच्या महिन्यावर गेला. म्हणून आज पैशाचा हिशोब पक्का जाणणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

सर विठ्ठलदास ठाकरसी हे मुंबईचे कापड गिरणीमालक. धंदा करता करता ते इंग्रजांच्या काळातल्या देशाच्या कायदेमंडळात गेले. त्या सभेत एकही बाई नव्हती. १९१२ साली त्यांनी तिथे ठराव मांडला, की सोन्याची नाणी आपल्याच देशातल्या टांकसाळीत पाडू द्या.

पण आपल्या कामाच्या गोष्टी दोन. पहिली १९११ सालची. लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत त्यांनी मुंबईत सहकारी बँक उभी केली. गावच्या पतसंस्थांना पैसा मिळावा, शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये, हा हेतू. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ काढलं. मुली होत्या पाच. शिकवणं मातृभाषेतून. सरकारची मान्यता नाही, हाती पैसा नाही, कर्वे वर्गणी मागत फिरायचे. १९२० साली विठ्ठलदासांनी पंधरा लाख रुपये देऊ केले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. म्हणजेच आपलं एसएनडीटी.

विठ्ठलदास लवकर गेले. पत्नी प्रेमलीलाबाईंनी काम सोडलं नाही. सरकारची मान्यता आली थेट १९५१ साली, आणि त्याच पहिल्या कुलगुरू झाल्या. पस्तीस वर्षं वाट पाहावी लागली, बायांनो! पण तिथून शिकून निघालेल्या मुली मोजता येतील का?

आम्ही या महिन्यात त्या ताईंचं कर्ज मंजूर केलं. हप्ता लहान ठेवला, मुदत वाढवली. विरोध करणाऱ्या दोघीच जामीन राहिल्या.

आता तुमच्या गटाची कर्जाची वही उघडा. लग्नासाठी किती दिले, दवाखान्यासाठी किती, आणि लेकीच्या शिक्षणासाठी किती? तिथे शून्य असेल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.