कानात गोष्ट, पायाखाली कसबा

जुनं पुणं पाहायचं तर वाटाड्या बरोबर हवाच असं नाही. माहितीचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर उतरवून घ्या, इअरफोन लावा आणि आपल्या चालीनं निघा. हवं तिथं थांबावं, कळलं नाही तर पुन्हा ऐकावं. घरातल्या थकलेल्या माणसांना तर हे फारच सोयीचं.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी करा. १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला गेला. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, पण दरवाजावरचे अणकुचीदार खिळे आजही दिसतात. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ते बसवलेले. पुढं लाल महाल. शिवरायांनी एप्रिल १६६३मध्ये शायिस्तेखानावर छापा घातला तो इथलाच. आजची इमारत मात्र विसाव्या शतकातली. तिथून ग्रामदैवत कसबा गणपती जवळच.

मग या तांबट आळीत, आणि इथं ध्वनिमुद्रण बंदच करा. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडत असतात. त्याला मठारणं म्हणतात. ठोक्याशेजारी ठोका, ओळीनं, आणि पत्रा हळूहळू घट्ट होत जातो. भांड्यावर चमकदार खळ्या उठतात. कोणत्याही निवेदनापेक्षा हा आवाज मला मोलाचा वाटतो. कारागिरांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

जाताना सकाळची वेळ धरा, आणि एक कान कायम मोकळा ठेवा. या अरुंद गल्ल्यांतून दुचाक्या वेगानं येतात.