वृद्धाश्रमाचा ताळेबंद कोण वाचतो?



वृद्धाश्रमाचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणं लगेच मुला-सुनेवर घसरतं. पोरगा पुण्यात कंपनीत, पोरगी नागपुरात, अकोटच्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच आणि शेत बटईनं दिलेलं. मग कोणी पोराला नावं ठेवतं, कोणी सुनेला. त्या भांडणात मला आज पडायचं नाही. हे दोघं ज्या घरी राहायला जाणार, त्या घराचा कारभार कोणाच्या हाती आहे आणि तिथला पैसा कुठे ठेवला जातो, एवढंच मला विचारायचं आहे. दोन एकर शेत घ्यायचं असलं तर आपण सातबारा काढतो, फेरफार पाहतो, वकिलाला दाखवतो. आश्रमात जाताना मात्र स्वयंपाकघर पाहतो, संडास पाहतो, हरिपाठ होतो का ते विचारतो आणि चेक फाडून मोकळे होतो.

आपल्या वऱ्हाडातले बरेच वृद्धाश्रम धर्मादाय संस्था चालवतात. त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू आहे. कायदा जुना असला तरी लेचापेचा नाही. दरसाल ३१ मार्चला हिशेब बंद करायचा, लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा आणि सहा महिन्यांच्या आत अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज करायचा. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. शिल्लक पैसा बँकेत, पोस्टात, सरकारी रोख्यांत ठेवायचा. अध्यक्षांच्या साळ्याच्या जिनिंगमध्ये नव्हे. कारभार बिघडला तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. ही सगळी तजवीज कागदावर आहे; पण अहवाल मागणाराच नसला तर तो फायलीतच राहतो.

आता ताळेबंदाकडे येऊ. पुष्कळ ठिकाणी प्रवेशाच्या वेळी अनामत घेतात. ही रक्कम आश्रमाची नसते, राहणाऱ्याची असते. तो परत गेला की त्याला आणि वारला की वारसाला ती मिळायची असते. म्हणून ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूला दिसली पाहिजे. ती जर देणगीत किंवा त्या वर्षीच्या उत्पन्नात धरलेली दिसली, तर तिथेच थांबा. समजा देण्यांत दिसली, तर दुसरा प्रश्न विचारा: एवढी देणी आहेत, तर त्यांच्या तोडीची मुदत ठेव बँकेत आहे का? कित्येकदा अनामतीच्या पैशातून नव्या खोल्या चढतात. चोरी कुणी केलेली नसते, हेतूही चांगलाच असतो. पण मग आज निघालेल्या आजोबांची रक्कम उद्या येणाऱ्या आजीच्या रकमेतून द्यावी लागते, आणि दोन महिने नवीन कोणी आलंच नाही की पाच खोल्या रिकाम्या आणि वारस दारात. भाव वाढले, मीठ-मिरची महागली, तरी महिन्याचं शुल्क तेच ठेवणारा आश्रम दयाळू वाटतो. त्याची तूट कुठून भरून निघते, हे विचारलंच पाहिजे.

हे काही आपल्याच गरिबीचं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये सदर्न क्रॉस नावाची कंपनी होती. साडेसातशेच्या आसपास वृद्धनिवास, त्यांत एकतीस हजारांच्या घरात माणसं. इमारती विकून त्याच भाड्यानं घेतलेल्या, आणि भाडं दरवर्षी ठरल्याप्रमाणे चढत जाणारं. खाटा रिकाम्या पडू लागल्या, भाडं थकलं, २०११ मध्ये कंपनी बुडाली. जेवण, औषधं तपासणारे निरीक्षक होतेच; पण कंपनीच्या तिजोरीकडे पाहणं कोणाचं काम नव्हतं. पुढे २०१४ च्या कायद्यानं मोठ्या संस्थांच्या आर्थिक तब्येतीवर नजर ठेवण्याचं काम तिथल्या नियामकाला दिलं.

आपल्याकडे काय आहे? २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. शब्द मात्र ‘शासन स्थापू शकेल’ असे आहेत, आणि आपल्याला माहीत आहे की सरकार ‘शकेल’ म्हणालं की काय होतं. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच तेही संपलं. पुण्या-मुंबईकडे ज्येष्ठांसाठी फ्लॅट बांधून विकणाऱ्यांवर महारेरा हा नियामक आहे: ग्राहकांच्या पैशातला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि २०२४ पासून लिफ्ट, रॅम्प, घसरणार नाही अशी फरशी यांचे नियमही आले. पण फ्लॅट ताब्यात आल्यावर डबा, नर्स, महिन्याचं शुल्क यांचा हिशेब महारेराच्या हाताबाहेर जातो. अकोटला तर फ्लॅटही नाही. इथे अनामतीची पावती आणि भरवसा.

भरवशाबद्दल एक सांगतो. अंजनगावजवळच्या शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या आणि विश्वस्तांच्या हवाली केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. शेगावला गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, संस्थानाचा विश्वस्त कारभार सुरू झाला. आपण त्या संस्थानाच्या शिस्तीचं कौतुक करतो, पण गावच्या आश्रमाच्या फलकावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष एकाच आडनावाचे दिसले तरी आपल्याला काही वाटत नाही. संस्थापक भला माणूस असतो, हे मान्य. त्याच्यामागे कोण, हे विचारायला त्याचा राग का यावा?

शेताची गोष्ट राहिली. कोणी म्हणतं, शेवटपर्यंत सांभाळा, माझी तीन एकर संस्थेला लिहून देतो. द्या, पण बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा. २००७ च्याच कायद्याचं कलम २३ म्हणतं, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता घेतली आणि सांभाळलं नाही, तर त्या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. हे कलम फक्त मुलांसाठी आहे असा समज आहे. तसं नाही; घेणारा कोणीही असो, त्याला ते लागू होतं. अट लिहिलेली नसली की काय गुंता होतो, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात दिसलं. न्यायाधिकरण आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्यांचं, म्हणजे अकोटातच. अकोल्याला खेटे घालायची गरज नाही.

कागद मागायचेच असतील तर ऑक्टोबरात मागा. तोवर मागच्या सालचा तपासलेला हिशेब तयार असलाच पाहिजे. ‘सीएकडे आहे’ असं दिवाळीनंतरही ऐकू आलं, तर चेकबुक खिशातच राहू द्या. आणि आधीच आत असलेल्या कोणाची अडवणूक होत असेल, तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे १४५६७.